बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: मॅगझिन आणि फीड कोणत्या प्रकारची, हे ओळखायचं कसं?

अडगळवाला (धागाकर्ता)

मंडळी, मामांची एक बोल्ट-अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची) शिकारी रायफल माझ्याकडे आली आहे. कागदपत्रं रीतसर माझ्या नावावर झाली आहेत, तेव्हा चर्चा कृपया त्या वळणावर नको. नळीवर .३०-०६ हा काडतुसाचा प्रकार स्पष्ट वाचता येतो, नंबरही शाबूत आहे. कंपनीचं नाव मात्र पुन्हा ब्लूइंग (गंज टाळणारा काळपट थर) करून घेताना पार पुसट झालंय.

अडचण अशी की मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस वर येताना अडतं. फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी) आणि स्प्रिंग बदलून टाकू म्हणून सुटे भाग विकणाऱ्याला लिहिलं. त्याने उलट विचारलं, "मॅगझिन टाइप काय? फीड कुठली?" मी म्हटलं, आतलं, फिक्स. तर म्हणे एवढ्यावर काही पाठवता येणार नाही.

दिसतं ते सांगतो. दस्त्याच्या पोटाला एक लोखंडी पट्टी आहे. ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला एक खटका आहे, तो दाबला की पट्टी बिजागरीवर खाली लोंबते, आणि तिला अडकवलेली स्प्रिंग आणि फॉलोअर बाहेर येतात. फोटो चढवायचा प्रयत्न केला, साइट घेत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनधास्त_बंड्या

पोटाची पट्टी उघडते म्हणजे हिंज्ड फ्लोअरप्लेट. झालं की! हेच लिहून पाठवा.

जुनं_खोड

बंड्याशी सहमत, पण अर्धाच. अडगळवाले, बोल्ट बाहेर काढा आणि उजव्या अंगाला बघा. लांबलचक स्प्रिंगसारखी पोलादी पट्टी आहे का, पुढे आकडा असलेली? असेल तर तो माउझर घराण्याचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ओढणारा आकडा), म्हणजे कंट्रोल्ड फीड. जुन्या चांगल्या रायफली अशाच असायच्या. मामांना पारख होती म्हणायची.

अडगळवाला

हो काका, आहे! चांगली बोटभर लांब पट्टी आहे. बोल्ट फिरवला तरी ती फिरत नाही, कड्यात बसवलेली आहे. मग "हिंज्ड फ्लोअरप्लेट, कंट्रोल्ड फीड" असं कळवू का?

कानस

जरा थांबा. घाईने कळवलंत तर चुकीचा भाग घरी येईल.

विक्रेत्याच्या विचारण्यात खरं तर तीन प्रश्न आहेत आणि आपण इथे सगळे त्यांची सरमिसळ करतोय. काडतुसं कशात राहतात आणि ती आत कुठून घालायची, हा एक. त्या पेटीत ती कशी रचली जातात, हा दुसरा. आणि बोल्ट पुढे जाताना काडतुसाला कसा धरतो, हा तिसरा. तिन्ही उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत. हिंज्ड फ्लोअरप्लेटची रायफल पुश फीड असू शकते, सुट्या मॅगझिनची कंट्रोल्ड फीड असू शकते.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण त्यातही खड्डे आहेत. पोटाला काहीच उघडत नसेल, नुसतं लाकूड किंवा फायबर असेल, तर ते ब्लाइंड मॅगझिन. रिकामं करायचं तर प्रत्येक काडतूस बोल्टनेच वर काढावं लागतं. रेमिंग्टन ७०० ही १९६२ ची रायफल घ्या. तिचं एडीएल हे रूप ब्लाइंड, बीडीएल हे फ्लोअरप्लेटवालं. अ‍ॅक्शन तीच, बोल्ट तोच, फरक फक्त पोटाचा. उलट ब्राउनिंग ए-बोल्टची पट्टी तुमच्यासारखीच बिजागरीवर उघडते, पण आत तिलाच अडकवलेलं सुटं मॅगझिन लटकत असतं. पट्टी बघून "फिक्स" म्हणालात की फसलात. ली-एनफिल्डचं दहा काडतुसांचं मॅगझिन निघतं खरं, पण ते मुख्यतः साफसफाईसाठी. सैनिक भरायचे वरूनच, पाच-पाचच्या चार्जरने, म्हणजे काडतुसं अडकवलेल्या पट्टीने.

आणि जुनं_खोड काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण लांब आकडा दिसला म्हणून कंट्रोल्ड फीड, हे मला मान्य नाही. तो आकडा काडतुसाला *केव्हा* धरतो, ते महत्त्वाचं.

जुनं_खोड

बाळा, माउझर ९८, ती १८९८ ची जर्मन रायफल, आम्ही वर्षानुवर्षं हाताळलीय. आकडा लांब म्हणजे कंट्रोल्ड. यात मान्य-अमान्य काय आलं?

कानस

काका, ९८ बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे बोल्ट काडतुसाला ढकलायला लागतो, काडतूस मॅगझिनच्या कडांतून सुटतं, आणि सुटता सुटता त्याच्या बुडाची कड खालून वर सरकत आकड्याच्या मागे शिरते. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) अजून लांब आहे, तरी काडतूस बोल्टच्या तोंडाला चिकटलेलं. रायफल कशीही धरा, पडणार नाही. ही झाली कंट्रोल्ड फीड.

पुश फीडमध्ये बोल्ट काडतुसाला नुसता मागून ढकलतो. ते मोकळंच चेंबरमध्ये जातं, आणि बोल्ट पूर्ण मिटताना आकडा कडेवरून टक्कन उडी मारून बसतो. आता आकडा लांब असो की नखाएवढा, बुडाची कड खालून वर सरकायला बोल्टच्या तोंडाची खालची बाजू मोकळी हवी. ती बंद असेल तर कितीही देखणा आकडा लावा, फीड पुशच राहणार.

म्हणून अडगळवाले, तुम्ही दोन गोष्टी बघून सांगा.

एक, बोल्टचं तोंड. काडतुसाचं बूड जिथे बसतं त्या वाटीची कड पूर्ण गोल आहे की खालून कापलेली? आणि वाटीत बारीक खिटी आहे का, जी दाबली की आत जाते आणि सोडली की बाहेर येते? ती असेल तर तो प्लंजर इजेक्टर, म्हणजे काडतूस बाहेर भिरकावणारी खिटी. ९८ मध्ये ती खिटी नसते. इजेक्टर रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याला) डावीकडे बसवलेला असतो, आणि बोल्टच्या डाव्या लगमध्ये (कुलूप बसवणाऱ्या दातात) त्याच्यासाठी खाच असते.

दोन, चाचणी. फक्त डमी काडतुसांवर. स्नॅप कॅप मिळतात त्याच. खोलीत खरं काडतूस नको, मॅगझिन आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, आणि मगच सुरू करा. एक डमी मॅगझिनमध्ये दाबा. बोल्ट सावकाश पुढे न्या. डमीचं बूड कडांतून सुटलं की थांबा, हँडल खाली पाडू नका. तिथूनच बोल्ट मागे ओढा. डमी सोबत परत आली आणि बाहेर फेकली गेली तर कंट्रोल्ड. ती पुढेच पडून राहिली तर पुश.

तळटीप_प्रेमी

ही चाचणी खऱ्या काडतुसावर का करायची नाही तेही लिहा, नाहीतर कुणीतरी करेलच. पुश फीडमध्ये पहिलं काडतूस पुढे पडून राहतं. बोल्ट मागे घेऊन पुन्हा पुढे ढकलला की मॅगझिनमधलं दुसरं वर येतं आणि त्याचं टोक पहिल्याच्या प्रायमरवर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) जाऊन आपटू शकतं. टोकदार गोळी असेल तर विचारायलाच नको. घाबरलेल्या माणसाचा हात नेमका हेच करतो, बोल्ट अर्धवट मागेपुढे. कंट्रोल्ड फीडच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच असतो.

बिनधास्त_बंड्या

म्हणजे पुश फीड टाकाऊच की!

तळटीप_प्रेमी

तसं मी कुठे म्हटलं? रेमिंग्टन ७०० पुश फीड आहे आणि जगभर नेमबाज तिच्यावर जीव टाकतात. तिथे बोल्टच्या तोंडाची वाटी पूर्ण गोल असते, काडतुसाचं बूड सगळीकडून पोलादात वेढलं जातं. विंचेस्टरने मॉडेल ७० ही १९३६ ला आणली ती कंट्रोल्ड, १९६४ ला बदलून पुश केली, आणि ओरड इतकी झाली की पुढे कंट्रोल्ड परत आणली. "प्री-सिक्स्टीफोर" म्हणून लोक आजही जुनी शोधत फिरतात. त्यातला निम्मा भाग बोल्टचा, निम्मा हळवेपणाचा, असं आपलं माझं मत.

मापाडी

फीडवर बोलून झालं असेल तर मधल्या प्रश्नाकडे या. काडतुसं रचली कशी जातात? फॉलोअर मागवायचाय ना, मग हेच आधी ठरलं पाहिजे.

एकावर एक, सरळ थप्पी: ती सिंगल स्टॅक. टिक्का टी३ चं प्लॅस्टिकचं सुटं मॅगझिन असं आहे. काडतूस नेहमी मधोमध येतं, बोल्टला सरळ मिळतं. तोटा उघड आहे, जास्त काडतुसं हवी असतील तर पेटी पोटाखाली लोंबू लागते. मोसिन-नागांट १८९१ ची, तीही एकेरी थप्पीची, पाच काडतुसांची. तिच्या काडतुसांच्या बुडाची कड बाहेर आलेली, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकायची भीती, म्हणून आत एक वेगळी पट्टी खालच्या काडतुसाला दाबून धरते. गंमत म्हणजे तिच्याही मॅगझिनचा तळ बिजागरीवर उघडतो. म्हणजे नुसतं "हिंज्ड" म्हणून विक्रेत्याला खरंच काही कळत नाही, बिचाऱ्याचं बरोबर आहे.

दुसरी रचना नागमोडी, एक डावीकडे एक उजवीकडे. माउझरने १८९३ च्या मॉडेलमध्ये ती दस्त्याच्या आत बसवली आणि पोटाखालची लोंबती पेटी गेली. यात फॉलोअर सपाट नसतो. त्याच्या एका अंगाला उंच कड असते, ती एका काडतुसाची जागा घेते, म्हणजे शेवटचं काडतूस मध्ये न लोळता आपल्या बाजूला राहतं.

आता गणित. नागमोडीत शेजारची तीन काडतुसं एकमेकांना टेकली की त्यांचे मध्यबिंदू समभुज त्रिकोण करतात. म्हणून पेटीची मागच्या बाजूची आतली रुंदी = बुडाचा व्यास × १.८६६. .३०-०६ चं बूड १२ मिमी, म्हणजे साधारण २२.४ मिमी. पट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसाचं बूड १३.५ मिमी, तिथे २५ च्या वर. .२२३ या बारीक काडतुसाला १८ च्या आत. तुमच्या पेटीत व्हर्नियर घाला. २२-२३ आलं तर नागमोडी आणि .३०-०६ साठीचीच. १३-१४ आलं तर सरळ थप्पी. मॅग्नमची पेटी कुणी बसवून ठेवली असेल तर तेही इथेच पकडलं जाईल.

आतली लांबीही मोजा. .३०-०६ चं पूर्ण काडतूस कमाल ८४.८ मिमी असतं, पेटी त्याहून थोडी मोठी हवी. .३०८ हे आखूड काडतूस, ७१.१ मिमी. काही कंपन्या लांब पेटीत मागे ठोकळा टाकून आखूड काडतुसं चालवतात, म्हणून बाहेरून अंदाज बांधू नका.

वाट_चुकलेला

आणि रोटरी? त्यात तर थप्पीच नसते ना?

मापाडी

अरे हो, राहिलंच. मानलिखर-शोनाउअर, १९०३. आत फिरकी असते, तिला खोबणी, प्रत्येक काडतूस आपापल्या खोबणीत. बोल्ट ओढला की फिरकी एक घर पुढे. उघडून बघितलं तर ओळखू न यायचा प्रश्नच नाही. रूगर अमेरिकनमध्ये तेच तत्त्व प्लॅस्टिकच्या सुट्या मॅगझिनात आहे. धागाकर्त्याच्या रायफलीत फॉलोअर आणि स्प्रिंग बाहेर आली म्हणजे रोटरी नाही, तो विषय संपला.

रिकामी_पुंगळी

कुणी कडांबद्दल बोलत नाहीये! काडतुसाला वर उडून जाण्यापासून कोण थांबवतं? सुट्या मॅगझिनमध्ये बहुतेक वेळा तो मॅगझिनच्याच पत्र्याचा ओठ असतो. बाहेर काढलं तरी काडतुसं आत टिकतात. माउझर पद्धतीच्या आतल्या पेटीत ते काम रिसीव्हरमध्येच कोरलेल्या कडा करतात, पेटी म्हणजे नुसत्या चार भिंती. अडणाऱ्या काडतुसाचं दुखणं शोधताना याला फार महत्त्व आहे. ओठ वाकला असेल तर नवीन मॅगझिन घेऊन भागतं. कडा रिसीव्हरमध्ये असतील तर तिथे कानस लावायचा विचारसुद्धा करू नका. (कानसभाऊ, तुम्हाला नाही म्हटलं.)

कानस

:) पूर्ण अनुमोदन. त्या कडा एकदा घासल्या की परत येत नाहीत.

अडगळवाला

सर्वांचे आभार. आज निवांत बसून सगळं बघितलं. क्रमाने सांगतो.

पेटी: पातळ पत्र्याची, रिसीव्हर आणि ट्रिगर गार्ड यांच्यामध्ये नुसती ठेवलेली. दस्ता काढला तर हातात आली. मागची आतली रुंदी साडेबावीस, लांबी ८६ च्या आसपास. फॉलोअरला डावीकडे उंच कड. म्हणजे नागमोडी. वरच्या कडा रिसीव्हरमध्ये कोरलेल्या आहेत, पेटीला ओठ नाहीत.

बोल्टचं तोंड: वाटीची खालची कड शाबूत आहे, कापलेली नाही. आत बारीक खिटी आहे, काडीने दाबली तर आत जाते.

चाचणी: डमी पुढेच पडून राहिली. पुन्हा केली, पुन्हा तेच. बोल्ट पूर्ण मिटवला, मग ओढला, तेव्हा मात्र आकड्याने बरोबर धरून बाहेर भिरकावली.

जुनं_खोड काका, रागावू नका. आकडा माउझरचा आणि वागणूक रेमिंग्टनची, अशी ही काय भानगड आहे?

जुनं_खोड

रागावतो कशाला. डमीने सांगितलं ते खरं. पण असा बोल्ट मुद्दाम कुणी कशाला बनवेल?

कानस

बनवला होता, आणि चांगला खपलाही. अडगळवाले, आणखी तीन गोष्टी सांगा. सेफ्टी कुठे आहे? दुर्बिणीचे बेस स्क्रूने बसवलेत की रिसीव्हरच्याच अंगात कोरलेत? आणि दस्ता काढताना पुढचा स्क्रू सरळ वर गेला होता की तिरका?

अडगळवाला

सेफ्टी बोल्टच्या मागे, दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याने सरकवायची. बेस वेगळे नाहीत, रिसीव्हरलाच खाचा आहेत. आणि हो, पुढचा स्क्रू तिरका! मला वाटलं आधी कुणीतरी वाकडा ठोकलाय.

कानस

मग ही रूगर एम७७, पहिली आवृत्ती. १९६८ ला आली. तिरका पुढचा स्क्रू ही त्यांची स्वतःची कल्पना. घट्ट करताना तो रिसीव्हरला खाली आणि मागे, दोन्हीकडे खेचतो. लांब आकडा माउझरवरून घेतला, पण इजेक्टर प्लंजर आणि तोंड बंद, म्हणून फीड पुश. पुढे मार्क टू या आवृत्तीत त्यांनी तोंड खालून मोकळं केलं, इजेक्टर रिसीव्हरला नेला, सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकाशी तीन टप्प्यांची केली आणि फीड खरोखरची कंट्रोल्ड झाली. नाव तेच राहिल्यामुळे जुन्या एम७७ ला सर्रास कंट्रोल्ड समजतात. काकांनी म्हटलं त्यात नवल काही नाही.

विक्रेत्याला असं लिहा: रूगर एम७७, मानेवर सेफ्टी असलेली जुनी आवृत्ती, .३०-०६, आतली नागमोडी पेटी, हिंज्ड फ्लोअरप्लेट, पुश फीड. सोबत नंबर द्या.

रिकामी_पुंगळी

लिहायच्या आधी एक बघा. पेटी पत्र्याची आणि सुटी आहे म्हणालात ना? तिला रिसीव्हर आणि गार्डच्या मध्ये उभ्यात अगदी किंचित खेळ लागतो. तिरकी बसून स्क्रूखाली आवळली गेली तर भिंती दबतात आणि फॉलोअर वरच्या टोकाला, म्हणजे नेमका शेवटच्या काडतुसाला, घासतो. फॉलोअरच्या कोपऱ्यांवर चकाकी आलीय का, बघा.

अडगळवाला

आहे! पुढच्या उजव्या कोपऱ्यावर नखाएवढा पट्टा एकदम लख्ख झालाय, बाकी फॉलोअर काळा. पेटीच्या भिंतीवरही त्याच उंचीला उभी रेघ. आणि पेटीची वरची कड एका कोपऱ्यात किंचित दुमडलेली. ती रिसीव्हरच्या खाचेत न बसता बाहेर राहत असणार.

रिकामी_पुंगळी

सापडलं. स्प्रिंग बिचारी निर्दोष निघेल बहुतेक. दुमडलेली कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करा, जास्त ठोकू नका, पत्रा पातळ आहे. हात बसत नसेल तर सरळ बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. जोडताना पेटी खाचेत पूर्ण शिरलीय हे बोटाने हलवून बघा, मग पुढचा तिरका स्क्रू आधी घट्ट, बाकीचे त्यानंतर. क्रम उलटा केलात तर रिसीव्हर मागे नीट टेकत नाही. मग पट्टी उघडून फॉलोअर बोटाने वर-खाली करा, कुठे थबकतो का बघा.

अडगळवाला

केलं. पेटी आता मध्ये हलकीशी हलते. डमी भरून पाहिल्या, शेवटचीसुद्धा बिनबोभाट वर येते. विक्रेत्याला कानसभाऊंचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं, त्याने लगेच भाग ओळखला. एक स्प्रिंग मागवून ठेवतोय, जुनीच आहे, कधी ना कधी लागेल.

शेवटची शंका. रेंजवर एकच काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट मिटवलेला चालेल का? मामांचे एक मित्र म्हणत होते, लांब आकड्याच्या रायफलीत तसं कधी करायचं नाही.

जुनं_खोड

ते माउझर ९८ बद्दल. तिथला आकडा कडेखाली सरकण्यासाठी घडवलेला असतो, कडेवरून उडी मारायला नाही. जबरदस्ती केली तर टोक तुटू शकतं. म्हणून ९८ मध्ये एकच काडतूस असलं तरी मॅगझिनमध्ये दाबायचं आणि तिथून न्यायचं. तुमची पुश फीड निघाली, तिचा आकडा दर वेळी उडीच मारतो. खुशाल टाका.